दोन ते तीनची पाळी

प्रिय खारूताई,

तिथं मठात तुला नवं नाव दिलंय आणि सगळ्या तुला सिस्टर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण माझा हात ते लिहायला काही तयार होत नाही, तेव्हा तू आपली खारूताईच. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पुढच्या महिन्यात तू कायमची व्रतं घेणार, आणि मी यावं असं तुला वाटतं. सात वर्षांत तू किती पत्रं पाठवलीस! मी मात्र एकच पाठवलं, दोन वर्षांपूर्वी तुझी आई गेली तेव्हाचं. चार ओळींचं. त्यातली एक ओळ तेव्हापासून माझ्या घशात अडकून बसली आहे. तिच्याबद्दलच लिहायला बसलोय, पण तुला माझी सवय माहीत आहे, मी आधी सगळी वायरिंग तपासतो आणि मगच मेन स्विचला हात लावतो. जरा धीर धर.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण काम चालू आहे. घरात मात्र करमत नाही गं. तू गेलीस तेव्हा आम्ही दोघं होतो, निदान कुरबुर करायला तरी माणूस होतं. आता सकाळी रेडिओवरच्या बाई बातम्या सांगतात, त्यांना मी उलट उत्तरं देतो. हसू नकोस, पण एक लबाडी सांगतो. कुणाकडे काम झालं की मी टेस्टर नाहीतर पक्कड मुद्दाम तिथंच विसरतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी घ्यायला जायचं, ती माणसं बसा म्हणतात, चहा देतात, दहा मिनिटं बोलणं होतं. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी तीनदा टेस्टर परत दिला आणि चौथ्यांदा म्हणाल्या की तुम्हाला विसरायचा आजार झालाय, डॉक्टरला दाखवा. तेव्हापासून त्यांच्याकडे जायची सोय राहिली नाही.

चर्चचं तर मी नावच टाकलं होतं. तू मठात गेलीस त्या दिवशी मी आईला सांगितलं, ज्यानं माझी एकुलती एक लेक नेली त्याच्या दारात मी पाऊल टाकणार नाही. दर रविवारी तिला फाटकापर्यंत सोडायचो आणि आतली मिस्सेची उपासना संपेपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसायचो. भर उन्हात, हट्टानं. ती बाहेर आली की नुसता माझा हात धरायची आणि आम्ही घरी यायचो. तिच्या अंत्यविधीला आत गेलो, त्यानंतर पुन्हा नाहीच.

मग चार महिन्यांपूर्वी फादरांचा निरोप आला, चर्चला लागून असलेल्या छोट्या प्रार्थनागृहातला पंखा आवाज करतोय. आलेल्या कामाला नाही म्हणणं मला जमत नाही. दुपारी दोनला शिडी घेऊन गेलो. वेदीवर पवित्र साक्रामेंत मांडलेलं, सोनेरी पात्रात काचेआड ती पांढरी गोल भाकर, तुम्हा लोकांच्या मते साक्षात येशूच, आणि समोर एकट्या नर्सबाई. तुझ्या जन्माच्या वेळी होत्या त्याच, आता निवृत्त झाल्यात. मी पंख्याचं पातं सोडवत होतो तेवढ्यात त्यांना घरून फोन आला, बहीण बाथरूममध्ये पडली म्हणून. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. साक्रामेंत असं मांडलेलं असलं की समोर कुणीतरी बसावंच लागतं, तासातासाच्या पाळ्या लावलेल्या असतात, हे मी तुला काय सांगणार! पुढच्या बाई तीनला यायच्या होत्या. तोवर तुम्ही बसा, असं त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी त्यातला नाही, सात वर्षं झाली. तर म्हणतात, तुम्हाला प्रार्थना करायला कोण सांगतंय, त्याला एकटं टाकून जाता येत नाही एवढंच. आणि गेल्यासुद्धा.

तीनच्या बाई काही आल्या नाहीत. तापानं झोपल्या होत्या, हे नंतर कळलं. मी पाच वाजेपर्यंत बसलो, मांडीवर पंख्याचं पातं घेऊन. आधी छताची वायरिंग कुठल्या गाढवानं केलीय ते बघत बसलो. मग भांडलो. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. माझी मुलगी नेलीस, बायको नेलीस, आता माझी दुपारही खातोस, असं सगळं बोलून घेतलं. उत्तर कसलं येतंय! पण बोलून बोलून दमलो, आणि मग जे झालं ते कसं सांगू. आई स्वयंपाकघरात असायची आणि मी बाहेरच्या खोलीत कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाची मोटर उघडून बसायचो, तासन्‌तास एक शब्द बोलायचो नाही, पण घरात माणूस आहे हे कळायचं ना, तसं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी रडलो गं. कुणी बघायला नव्हतं ते बरं झालं.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दोन ते तीनची पाळी माझी. जेवून माणसं डुलक्या काढतात, ती वेळ कुणालाच नको असते. रविवारी मिस्सेलाही जायला लागलो, मागच्या बाकावर. पण कम्युनियनची भाकर घ्यायला सगळे उठले की मी बसून राहायचो. माझ्या डोळ्यांसमोर सगळी रांग जेवून परत यायची आणि मी उपाशी. त्याच्यासमोर तासभर बसवतं, पण तोंड उघडायचं म्हटलं की ती ओळ आड येते. आणि जितका बसतो तितकी भूक वाढते, हे कुणी मला आधी सांगितलंच नव्हतं. शेवटी गेल्या शनिवारी फादरांकडे जाऊन पापनिवेदन केलं. पोरगेलेसे आहेत, तुझ्याच वयाचे असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, क्षमा दिली, आणि म्हणाले की देवाकडे तुमचं मिटलं, पण मुलीला खरं काय ते तुम्हालाच कळवावं लागेल. तरीही रविवारी माझ्याच्यानं उठवेना. आधी हे लिहून टाकायचं, मग जेवायचं, असं ठरवलं.

तर ऐक. मी तुला लिहिलं होतं की आईनं शेवटपर्यंत तुझं नाव काढलं नाही. ते खोटं आहे. हॉस्पिटलात शेवटचे आठ दिवस तिनं दुसऱ्या कुणाचं नाव काढलंच नाही. तुझी सगळी पत्रं तिच्या उशीखाली होती. रोज एक मला वाचायला लावायची, आणि मी दातओठ खात वाचायचो. जाण्याच्या आदल्या सकाळी तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तिला कळवा, मी तिच्यावर कधीच रागावले नव्हते. राग तुमचा होता. मी नुसती तुमच्यापाशी बसले होते, तुम्ही एकटे पडू नये म्हणून." हे तुझं होतं, खारूताई, आणि मी ते दोन वर्षं दाबून ठेवलं. माझ्यासारखं तुलाही दुखावं म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. मठाच्या नियमामुळे तू तिथून येऊ शकत नव्हतीस, हे मला माहीत होतं आणि तरी मी तसं लिहिलं. माझं चुकलं. तू मला बोलावलंस ते हे माहीत नसताना. आता वाच, लागेल तेवढा वेळ घे, आणि तरीही ये म्हणालीस तर येईन.

तुझाच, कसाही असलो तरी,
बाबा