मैनाबाईंनी ओढलेली दोरी

अकोला, २ मे २०२५

चि. उद्धव यास कुंदाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर रडले असते, म्हणून लिहिते. तुझा चिडवण्याचा हक्क मान्य. तुम्ही वेगळ्या विदर्भवाले काळी फीत लावून झाडाखाली बसता आणि मी दर एक मेला लेकरांना उन्हात उभं करते. काल सकाळीच झळा सुरू झाल्या होत्या. तरी पोरं इस्त्रीचे कपडे घालून आली. निकाल मिळणार, वर जिलेबी. मुख्याध्यापिका म्हणून माझा हा शेवटचा महाराष्ट्र दिन. मलाही जरा मिरवावंसं वाटत होतं.

झेंडा संस्थेचे अध्यक्ष फडकवणार होते. ते येईनात, फोनही उचलेनात. तिसरीतली एक मुलगी भोवळ येऊन पडली. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या मैनाबाईंनी, चौथीतल्या आचलच्या आईनं, तिला उचलून सावलीत नेलं, पाणी पाजलं. मला वाटलं, आता पुरे. कामगार दिनही आहेच, म्हणून मैनाबाईंनाच म्हटलं, दोरी तुम्ही ओढा. त्या घाबरल्या. म्हणाल्या, मॅडम, मले नाई जमत, माह्या हाताले तेल हाय. मग पदराला हात पुसले आणि ओढली. पोरांनी राष्ट्रगीत इतकं खणखणीत कधी म्हटलं नव्हतं.

जिलेबी वाटून पोरं पांगली, तेव्हा अध्यक्ष आले. झेंडा उतरवा, माझ्या हस्ते पुन्हा फडकवा म्हणाले. मी नाही म्हटलं. माफी मागावी लागेल, असं बजावून ते तणतणत गेले. फार थकले आहे रे. सर्वांना आठवण सांग.

तुझी,
ताई

अमरावती, ६ मे २०२५

ती. कुंदाताईस उद्धवचा शि. सा. नमस्कार.

पत्र जुईलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. भाची तुझ्यावर खूश आहे. ताई, माफीबिफी अजिबात मागू नकोस. या महिनाअखेर तू निवृत्त होतेस, तुझं काय करतील? निरोप समारंभ रद्द करतील, करू देत.

आमचं म्हणशील तर यंदा फीत लावायला चौघंच होतो, त्यात दोघांना बीपी. ऊन चढलं तसे उसाचा रस पिऊन घरी आलो. इतकी वर्षं बसून राज्य काही मिळालं नाही, ऊन मात्र दरवर्षी लागलं. ते राहू दे. तू आता इकडे ये, आमरस तरी निवांत खाऊ.

माया आहे तशीच असू दे.

तुझा,
उद्धव

अकोला, १४ मे २०२५

चि. उद्धव यास आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. परवा मैनाबाई घरी आल्या. नव्या सत्रापासून कामावर येऊ नको, असा त्यांना संस्थेचा निरोप होता. माझ्यावर काढता येत नव्हता, तो राग त्यांच्यावर निघाला. तक्रार काहीच केली नाही त्यांनी, फक्त आता काम कुठं पाहू एवढं विचारत होत्या. दोरी ओढायला मी सांगितलं होतं ना?

ऑटो करून अध्यक्षांकडे गेले, माफी मागितली. ते म्हणाले, नुसत्या शब्दांनी भागत नाही. म्हणून काल भर दुपारी रिकाम्या मैदानात त्यांनी झेंडा चढवला आणि फोटो काढून घेतले. राष्ट्रगीत मी एकटीच म्हणत होते. ते मोबाइल पाहत होते. तरी पुरं म्हटलं. मग त्यांनी माझ्यासमोर फोन करून मैनाबाईंना कामावर ठेवायला सांगितलं.

मैनाबाई माझ्यावरच चिडल्या. कावून गेल्या तुमी माफी मांगाले? मी चार घरची भांडी घासली असती, म्हणाल्या. मग चहा पिता पिता हळूच विचारलं, त्या दिवशी मी दोरी ओढली, तवा कोनं फोटो काढला काय? कुणीच काढला नव्हता. तसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, राहू द्या. माह्या आचलनं रांगेतून पाह्यलं.

आमरसाला येतेच आहे. तोवर मला रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझी,
ताई