शाळेपर्यंतचा सायकल मार्ग

३ जून
रजा संपवून पालिकेत हजर झालो. मोठे साहेब म्हणाले, सायकल मार्ग आखा, हलकं काम आहे. म्हटलं, हलकं कशाला, मी ठीक आहे. ठीकच आहे. ही गेल्यापासून जेवण, झोप वेळेवर.

४ जून
मार्ग ठरला. आमच्या घरापासून मुलींच्या शाळेपर्यंत. ही तिथे शिकवायची, हा योगायोग. रात्री लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, हा तर आईचा रस्ता. म्हटलं, टेक्निकली हाच योग्य. मग म्हणाली, निदान सायकल तरी शिका आता, जन्मभर आईच्या कॅरिअरवर बसून शाळेपर्यंत, मग पुढे चालत ऑफिसला गेलात. उद्यापासून शिकणार.

५ जून
चाकात हवा कमी. उद्या.

९ जून
साइटवर जायची गरजच नाही. रस्ता डोळे मिटून सांगेन. टेबलावरच नकाशा पुरा केला. ऑफिसातली नवी इंजिनिअर फटकळ आहे. म्हणाली, सर, डावीकडे शिंपी, गिरणी, तुटलेलं गटाराचं झाकणसुद्धा आहे. उजवी बाजू कोरी कशी? म्हटलं, तिकडे विशेष काही नाही. म्हणाली, बस डेपोचं गेट आहे. कधीपासून? म्हणाली, माझ्या जन्माआधीपासून.
मी कॅरिअरवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचो, तोंड डावीकडे. उजवीकडचं ही बघायची. नकाशात हे कारण लिहिता येत नाही.

१० जून
साहेब भडकले. डेपोच्या तोंडाशी सायकली? माणसं मारायचीत का? मेन रोडने न्या म्हणाले. मी चक्क वाद घातला. त्यांना आणि मलाही नवल वाटलं. शेवटी म्हणाले, रविवारी तुम्ही आणि नवी इंजिनिअर सायकलवरून जाऊन बघा, जमतंय म्हणालात तर सही करतो. जिंकल्यातच जमा. हिच्या नावाची पाटी वगैरे मनात नाही. या रस्त्यावर सायकलींची एक हिरवी पट्टी राहिली तरी पुष्कळ.

१२ जून
सायकल पुसली. सीट हिच्या मापाची, माझे पाय अवघडतात. वर करायची म्हणून पाना आणला. केली नाही. त्यामुळे सराव राहिला.

१४ जून, रविवार
गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. नवी म्हणाली, कळलं सर, बसा मागे. बसलो. डेपोपाशी वॉचमनने हात दाखवून बस थांबवली. काहीच अवघड नव्हतं. सही झाल्यासारखीच होती. शाळेच्या अलीकडे चढ आहे. तिथे ही म्हणायची, उतरा महाराज, चढ आला. मी कुणी न सांगताच उतरलो. पोरीला पत्ताच नाही. ती तशीच चढून वळणाआड गेली. मग समोर नुसता रस्ता होता, वर थांबून वाट बघणारी ही नव्हती.
बऱ्याच वेळाने ती धापा टाकत परत आली. म्हणाली, सर, पडलात की काय? म्हटलं, नाही. म्हणाली, रस्ता मस्त आहे हो, तसं लिहू ना?
म्हटलं, मेन रोड लिही.