कपाटावरचे बूट

बुधवार, संध्याकाळ

सुरतहून आल्या आल्या दीपालीचे पळायचे बूट कपाटावर टाकले. साध्या तापाने एवढं होईल असं कुणाला वाटलं होतं! ताप उतरला, शहाद्याला काढलेला छातीचा एकोही चांगला आला. मग सुरतला जाऊन एमआरआय कशाला, असं मीच म्हणत होते. त्यातच दिसली हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. डॉक्टर स्पष्ट बोलले, "सूज उतरेपर्यंत पळणं बंद. पळता पळता हृदय थांबू शकतं." त्यावर पोरीने विचारलं काय, तर पोलीस भरतीचं ग्राउंड चुकेल का!

गाडीतही तेच. "माय, माले आते दम नही लागस." मी चिडले, मग तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. जास्त बोलले का मी?

भाकरी टाकता टाकता दोनदा उठून बघितलं. बूट कपाटावरच होते. जिवाला बरं वाटलं.

तेवढ्यात ती मागच्या दाराने आली, पाणी मागितलं. तांब्या देताना खाली लक्ष गेलं. अनवाणी पाय, घोट्यापर्यंत कपाशीच्या वावरातली काळी माती.

ओरडणार होते. पण तिच्या गळ्याची शीर थडथड उडत होती. ती शीर शांत होईपर्यंत मी तिचा हात धरून नुसती उभी राहिले.