थालहामरचा विराम

सांक्ट क्विरिन
गुरुवार, १३ नोव्हेंबर १९९७

प्रिय हर्मिने,

तू बरी असशील असं धरून चालते. माझा गुडघा थंडीने आखडलाय, बाकी ठीक. जिरेनियमच्या कुंड्या काल तळघरात नेल्या. एकेक करून नेल्या, कारण दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं.

पाकिटावरचं तिकीट बघून तुला हसू आलं असेल. चौक ओलांडून तुझ्या दारात टाकता आलं असतं. पण तू चौक ओलांडत नाहीस, मग मीच का ओलांडू? हे पत्र लिंत्सला जाईल, तिथे त्याच्यावर शिक्का बसेल आणि ते परत आपल्याच चौकात येईल. तेवढ्या प्रवासात माझा राग निवला तर बरंच. मला तरी तशी आशा नाही.

काल आपल्या गायकवृंदातली, वरच्या पट्टीच्या सोप्रानोतली रेसी मला बेकरीत भेटली. म्हणाली, "बुर्गी, तुला माहीत नाही? हर्मिने पास झाली!" सगळ्यांसमोर, हातात पाव धरून. मी म्हटलं, "अभिनंदन. मॅट्रिक राहिलंच होतं तिचं."

खरं सांग, तू गेलीस कशी? आपण दोघी लेखनर मास्तरांच्या हाताखाली चर्चमधल्या ऑर्गनच्या माडीवर चढलो तेव्हा हा नवा संगीतमास्तर, डॉक्टर ओबरमोझर, जन्मालाही आला नव्हता. आता तो म्हणणार, गायकवृंदात राहायचं तर एकेकीने समोर उभं राहून गाऊन दाखवा. पियानोवर बोट ठेवणार, आपण 'आ' करायचं, आणि तो कागदावर खूण करणार. दातांच्या डॉक्टरकडेही निदान खुर्ची मिळते.

मी त्याला भेटायला गेले होते, हे तुला कोणी सांगितलं नसेल. परीक्षा द्यायला नव्हे, बोलायला. फार गोड माणूस आहे. खुर्ची दिली, कॉफी दिली.

"हासलिंगरबाई," म्हणाला, "तुमच्या सेवेबद्दल चर्च कृतज्ञ आहे. गाणाऱ्यांच्या संत सेसिलियाच्या सणाला आम्ही तुम्हाला मानपत्र देणार आहोत."

"मानपत्र कशाला? मी मेले नाही अजून."

"तसं नव्हे. यंदा थालहामरच्या जन्माला दोनशे वर्षं होतात. त्याने प्रार्थनेसाठी रचलेली मिस्सा रेडिओवरून थेट जाणार, सगळा देश ऐकणार. मला ती त्याने लिहिली तशी हवी आहे. थोडे आवाज, सरळ आवाज."

"आणि माझा वाकडा?"

त्याने कॉफीत साखर ढवळली. म्हणाला, "थोडा हलतो."

मग शेवटच्या भागाचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. 'आम्हांला शांती दे' च्या आधी, जिथे आपण आल्टो, खालच्या पट्टीच्या बायका, एकट्या शिरतो, तिथे थालहामरच्या स्वतःच्या हस्ताक्षरात काहीच नाही. नुसता एक लांब विराम. कोणी गायचं नाही, कोणी वाजवायचं नाही. "तो तिथे गप्प बसलाय, बाई," ओबरमोझर म्हणाला, "आणि तुम्ही लोक इतकी वर्षं त्याच्या मौनावर बोलताय."

मी म्हटलं, "अहो, मेलेला माणूस गप्पच बसतो. त्यात एवढं कौतुक कसलं?"

तुला ठाऊक आहे ती ओळ कुठून आली. ऑर्गनचा भाता फाटका होता. सगळे थांबले की त्या शांततेत तो दमेकरी गाईसारखा घुरघुरायचा. म्हणून लेखनर मास्तरांनी तिथे आल्टोला चार सूर लिहून दिले, घुरघुर झाकायला. पुढे विजेचा पंखा आला, घुरघुर गेली, पण सूर राहिले. आपल्या गावात लग्न झालं, मयत झालं, ते सूर गायले गेले. माझ्या आईच्या वेळी तू आणि मी दोघीच गायलो, बाकीच्या दोघी तापाने पडल्या होत्या. मग ते थालहामरचे नाहीत तर कोणाचे?

तो काही व्हिएन्नातल्या पंडितांसाठी लिहीत नव्हता. आपल्या गावच्या बेकरीवाल्याचा मुलगा. शहरात दुसऱ्यांच्या स्वरलिप्या नकलून पोट भरायचा. गावच्या पाद्र्याने मिस्सा मागितली तेव्हा त्याने आधी विचारलं, गायला कोण कोण आहे? ब्रूअरीवाल्याच्या बायकोचा आवाज पुरुषासारखा आहे, असं कळल्यावर त्याने आल्टो एवढी खाली नेली. जे होते त्यांच्यासाठी लिहिलं त्याने. चाळिशीत टायफसने गेला, कुठल्यातरी सामायिक खड्ड्यात पुरला गेला. जिवंतपणी धड बूट मिळाले नाहीत, आणि आता त्याचं तोंड चॉकलेटच्या कागदावर आहे. त्याचा वारसा सांभाळायला लिंत्सहून डॉक्टर आलाय, आणि ज्यांनी तो घशात सांभाळला त्यांना मानपत्र.

मी मानपत्र घेणार नाही. सणालाही जाणार नाही. मुद्द्याचं सांगते, तू गायकवृंद सोड. सणाच्या आधी सोड. आल्टोत आधीच माणसं कमी आहेत, तू गेलीस तर त्याला आपल्याकडे यावंच लागेल. शाळेत सिस्टर आडेलगुंडेने मला कोंडलं तेव्हा तू स्वतःहून माझ्याबरोबर कोंडून घेतलं होतंस. हे त्यापेक्षा सोपं आहे.

आता तालीम चालू झाली आहे. माझ्या खिडकीतून माडीवरचे दिवे दिसतात. खिडकी बंद आहे, ऐकू काही येत नाही.

उत्तराची वाट बघत नाही, पण रविवारपर्यंत आलं तर चालेल.

वाल्बुर्गा हासलिंगर


सांक्ट क्विरिन
मंगळवार, २५ नोव्हेंबर १९९७

प्रिय हर्मिने,

तुझं उत्तर आलं नाही. थंडी वाढली आहे. रेसीने काल माझ्या दारात सफरचंदांचा केक ठेवला आणि घंटा न वाजवता पळून गेली, यावरून गावात माझ्याबद्दल काय बोललं जातंय ते कळलं. केक बरा होता, दालचिनी जास्त.

रविवारी मी जाणार नव्हते. स्वयंपाकघरात रेडिओ लावला, कॉफी केली, सगळा देश ऐकणार तर आपणही ऐकू म्हटलं. मग आपल्या चर्चची घंटा वाजली. आधी खिडकीतून आणि पाठोपाठ रेडिओतून. समोरच्या चौकातली घंटा व्हिएन्नाला वळसा घालून माझ्या ओट्यावर आली. ते मला सहन झालं नाही. मी रेडिओ बंद केला, कोट चढवला आणि निघाले.

तर आता खालचं सांगते, कारण तुला खालचं काही माहीत नाही. मलाही नव्हतं. आयुष्यभर आपण उजव्या हाताच्या जिन्याने वर गेलो. खाली बसायचं कुठे, हेच मला ठाऊक नाही. मी एका रिकाम्या बाकावर बसले तर खाटीक पिखलरची बायको येऊन उभी राहिली.

"बुर्गी, ही आमची जागा."

"नाव लिहिलंय का?"

"हो," ती म्हणाली. आणि खरंच लिहिलेलं होतं, पितळेच्या पट्टीवर.

"मग मी कुठे बसू?"

"तू? तू वरच ना..." असं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "सरक थोडी. नवरा माझा नाहीतरी मागे उभा राहतो, बिअरसाठी लवकर निघायला."

गुडघे कधी टेकायचे तेही मला कळेना. वर आपण कधी टेकलोच नाही, ओबरमोझरच्या आधीचे मास्तर म्हणायचे, गाणाऱ्याला देव सूट देतो. सगळे खाली गेले की मी उभी, सगळे उठले की मी टेकलेली. पिखलरबाई माझा कोट ओढून मला वरखाली करत होती, विहिरीच्या बादलीसारखी. पुढच्या बाकावरच्या मुली हसत होत्या. या गावात जन्मलेली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई, आणि मला मिस्सा ऐकता येत नाही.

आता गाण्याचं. तुम्ही चांगलं गायलात. हे लिहायला मला दोन पेनं लागली, पहिलं मी फेकलं. सोप्रानो काचेसारख्या होत्या, तो टेनर गाणारा पोरसवदा मुलगा हाताबाहेर गेला नाही. मी मनात चुका शोधत होते आणि मला सापडत नव्हत्या.

मग तो भाग आला. ओबरमोझरने हात वर केला आणि सगळं थांबलं. ऑर्गन थांबला, व्हायोलिनं थांबली. मला माहीत होतं थांबणार आहे. पान मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि खरं सांगू, ती शांतता आली तेव्हा अंगावर काटा आला. थालहामरला तिथे काय हवं होतं ते मला त्या क्षणी समजलं.

आणि माझं तोंड उघडलं. मी नाही उघडलं, ते उघडलं. चार सूर. सगळ्या चर्चमध्ये, सगळ्या ऑस्ट्रियात, मी एकटी.

एकटी नव्हते. दुसऱ्या सुरापासून वरून कोणीतरी होतं.

पिखलरबाईने माझा कोट इतक्या जोरात ओढला की बटण तुटलं. मग वरचे सगळे 'आम्हांला शांती दे' वर आले आणि सगळं झाकलं गेलं. मी शेवटच्या आशीर्वादाआधीच बाहेर पडले. मानपत्राच्या वेळी माझं नाव पुकारलं म्हणे, आणि कोणीच उठलं नाही म्हणून फादरनी ते घडी करून खिशात घातलं. सॉसेज आणि बिअरला तुम्ही सगळे गेलात. मी माझ्या खिडकीतून तुम्हाला चौकातून जाताना बघत होते. तू मागे होतीस, कोणाशी बोलत नव्हतीस.

काल संध्याकाळी ओबरमोझर माझ्या दारात. मला वाटलं ओरडेल. टोपी हातात घेऊन बसला, कॉफी नको म्हणाला.

"हासलिंगरबाई, तुमचं समजू शकतो. सवय. पण वरून एक आवाज होता."

"असेल."

"माझ्या आल्टोंपैकी कोणीतरी. मी सगळ्यांना विचारलं, सगळ्या जमिनीकडे बघतात. जिने केलं तिला मी ठेवू शकत नाही. तुम्ही समजून घ्या, हा शिस्तीचा प्रश्न आहे."

"मग मला का विचारता?"

"कारण तुम्ही त्या रांगेत आयुष्य काढलंय. आवाज ओळखला असेलच तुम्ही."

हर्मिने, इतकी वर्षं तुझा आवाज माझ्या डाव्या कानात होता. मी झोपेत ओळखीन. तू श्वास घेतेस तेव्हासुद्धा ओळखीन, कारण तू नेहमी जरा उशिरा घेतेस.

मी म्हटलं, "डॉक्टर, माझं वय झालं. कान गेले आता."

त्याने हातातली टोपी एकदा फिरवली. मग म्हणाला, "तुमचे कान उत्तम आहेत, बाई." आणि उठला. दारात वळून म्हणाला, "रेडिओवाल्यांनी ध्वनिमुद्रण पाठवलंय. ऐकायचं असेल तर..."

मी नको म्हटलं. मला ऐकायची गरज नाही. त्या शांततेत मी माझा आवाज पहिल्यांदा एकटा ऐकला, शेजारी कोणी नसताना. तो हलतो. थोडा नव्हे, खूप हलतो. घरी भांडी घासताना मी गेली दोनेक वर्षं गुणगुणत नाही, त्याचं कारण मला माहीत होतं. परीक्षेला मी अभिमानापोटी गेले नाही असं मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही तसंच वाटू दिलं. तो माणूस पियानोवर बोट ठेवून मला जे सांगणार होता, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, इतकंच. तुझा आवाज मात्र अजून सरळ आहे. त्या दुसऱ्या सुरापासून माझा आवाज जमिनीवर उभा राहिला तो तुझ्यामुळे.

म्हणून आता मागच्या पत्रातलं मागणं मी परत घेते. तू सोडू नकोस. ओबरमोझरला काही सांगू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू पुढे होऊन कबूल करशील. करू नकोस. मी तुझ्यासाठी खोटं बोलले आहे, ते फुकट घालवू नकोस. परवा गुरुवार आहे, तालमीला जा. तो विराम आला की तोंड मिटून उभी राहा. लिहिलाय थालहामरने, तर पाळू या. पण वर एक तरी माणूस असं हवं ज्याला माहीत आहे की तिथे काय होतं.

मी गुरुवारी खिडकी उघडी ठेवीन. थंडी वाजेल, पण वाजू दे.

तालीम संपल्यावर चौक ओलांडायचा की नाही ते तू ठरव. दाराला कुलूप नसेल. आली नाहीस तरी पुढच्या रविवारी मी पिखलरबाईच्या बाकावर आहेच. वर बघता येत नाही तिथून, मान वळवली की लोक बघतात. पण ऐकू सगळं येतं.

खालून, तुझी

बुर्गी