वाढत्या अंगाचा शर्ट

ती. आईस,

पायांवर डोकं ठेवतो. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तू पाठ शेकतेस ना? बाबा परत एकटेच बाहेर पडले नाहीत ना?

त्यांचे शिंप्याचे हात रिकामे राहू नयेत म्हणून मी कापड पाठवलं होतं, त्याचा शर्ट काल मिळाला. फोनवर मला "कोण आपण?" विचारतात, पण टीप मात्र अजून रेघेसारखी सरळ!

शर्ट दहा वर्षांच्या पोराच्या मापाचा आहे. आत चिठ्ठी टाचलीय: "थोरल्याचा. वाढतं अंग आहे, आत कापड सोडलंय."

आई, ते सगळं कापड मी उसवून पाहिलं. चाळिशीतल्या अंगाला कुठून पुरणार?

त्यांनी विचारलंच, तर अगदी नेमका बसला म्हणून सांग.

तुम्हा दोघांचा,
थोरला