घाईची साक्ष

माय, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. आज लिहिते आहे, कारण ही गोष्ट सांगावी असं दुसरं कोणी उरलेलं नाही. तुझ्या जावयाला दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड ओळखणारा माणूस, त्याचं उजवं अंग एका सकाळीत गेलं. चर्चच्या मंडळीने आमच्यासाठी प्रार्थना केली, खोटं कशाला बोलू? दर बुधवारी बायकांची सभा आमच्याच घरी भरायची आणि मी चहा गाळता गाळता आमेन म्हणायची. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते खाटेपासून दारापर्यंत आठ पावलं चालले. मी रडले, शेजारीण रडली, आणि रविवारपर्यंत ही बातमी पाळकांकडे पोचली. त्यांनी मला साक्ष द्यायला उभं केलं.

आपल्याकडची साक्ष तुला ठाऊकच आहे. आजार सरला, नोकरी लागली, मूल झालं की उभं राहून सांगायचं, आणि सगळ्यांनी स्तुती असो म्हणायचं. अर्ध्या दुखण्यात कोणी उठत नाही. मी उठले. एवढे लोक माझ्याकडे बघत होते की आठ पावलं मला फार थोडी वाटली. बोलण्यात मी यांना फाटकापर्यंत चालवलं, हातात काठी नव्हती असंही सांगितलं, आणि देवाने त्यांना पूर्ण बरं केलं म्हणून खाली बसले. नवव्या दिवशी दुसरा झटका आला. यवतमाळच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हापासून त्यांना कुशीवरही मला वळवावं लागतं. मंडळीतली एक म्हातारी म्हणाली, विश्वास कमी पडला असेल. मी चर्चला जाणं बंद केलं. त्यांच्याजवळ कोण बसेल, हे कारण आयतंच होतं.

त्या दिवसांत मला सारखी तुझी साक्ष आठवायची. मी बारा वर्षांची आहे, बाबांना जाऊन महिना झाला आहे, आणि पाळक विचारतात, आज कोण साक्ष देईल? तू उठतेस. होस्टेलच्या स्वयंपाकघरातल्या कामावरून तशीच आलेली, पदराला पीठ लागलेलं. तू म्हणतेस, "हे गेले. सालभर मी मांगतलं, देवानं देल्लं नाही. येत्या रविवारी मी येतोच." आणि बसतेस. स्तुती असो कोणीच म्हणत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वाटेत मी तुझ्यावर चिडले, असं काहून बोलली म्हणून. तू चालता चालता म्हणालीस, "त्याच्याच घरात बसून त्याच्याशी खोटं बोलू काय?" मग तू चाळीस मुलींच्या भाकरी थापल्यास आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. पुढचे कितीतरी रविवार मी तुझ्यापासून लांब, होस्टेलच्या मुलींमध्ये बसले. तू मात्र येत राहिलीस. तोंडावर काही आनंद नसायचा, गाणंही धड म्हणायची नाहीस, पण मरेपर्यंत एक रविवार चुकवला नाहीस. मला तेव्हा तो तुझा हट्ट वाटायचा. त्याला विश्वास म्हणतात हे कळायला मला इतकी वर्षं लागली, आणि कळलं तरी ते सोपं झालेलं नाही.

गेल्या रविवारी शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून, खरं सांगायला जाते असं त्यांना सांगून मी चर्चला गेले. पाळकांनी विचारायच्या आधीच उठले. म्हटलं, "माहे मालक बरे झाले नाही. आठ पावलं चालले होते, जास्तीचं मी सांगतलं. आता तेही नाही." पाळकांनी गीताचा नंबर सांगितला. बाहेर चपला घालताना त्याच म्हाताऱ्या बाईने माझा दंड धरला. तिच्या लेकाची दारू सुटली अशी साक्ष तिने नाताळात दिल्याचं माझ्या कानावर आलं होतं. सुटली नाही म्हणाली, आणि माझा हात तिने बराच वेळ सोडला नाही.

घरी आले तर हे जागे होते. वाकड्या तोंडाने विचारलं, सांगितलं का? मी मान डोलावली. त्यांना बरं वाटलं असावं. मग शब्द जुळवत जुळवत म्हणाले, "तू मांगत राह्य. मी चालीन." मी हो म्हटलं.

हे पत्र बायबलच्या पानांत ठेवणार नाही, कारण त्यांना अजून वाचता येतं. माय, मी मागत नाही. दोन महिने झाले, ते बरे व्हावेत हे मागणं माझ्या तोंडून निघतच नाही. सकाळी त्यांच्या कपाळावर हात ठेवते, डोळे मिटते आणि मनात एवढंच म्हणते की आजचा दिवस मला निभू दे. मी त्यांच्या पायांसाठी मागते आहे असं समजून ते आमेन म्हणतात. मंडळीपुढे मी खरं बोलले. त्यांच्यापुढे अजून बोलले नाही.