मीठ नसलेलं मिठाचं गोदाम

सुराबाया, ईदनंतरचा पहिला सोमवार

थोरले मेहुणे चाक मुनादी यांना धाकट्या मात्राविचा अदबीचा सलाम. तुमचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. तुमची बहीण खुशाल आहे. मी खुशाल आहे की नाही ते पुढच्या मंगळवारी ठरेल, म्हणून हे पत्र.

आपल्या मदुरा बेटावरच्या टेकडीवर मिठाचं सरकारी गोदाम बांधायचा मक्ता मला मिळाला, हे तुम्ही जाणताच. पाया खणण्याआधीच्या सलामतानाला, दुआच्या पंगतीला, तुम्ही आला होता. (भात दोनदा घेतलात, बरं वाटलं.) तर ते गोदाम मिठाचं नाही. वाचून झालं की पत्र चुलीत घाला, आणि घालताना कोणी बघत असेल तर त्याचं नाव मला कळवा. तिथे तोफा बसायच्या आहेत. जपानी आरमार आलंच तर सामुद्रधुनीच्या तोंडाशी त्याला अडवायचं, असा बेत हॉलंडात बसून कोणीतरी केला आहे. बेत इतका गुप्त की डच लष्कराचे लेफ्टनंट द फ्रोम मला नकाशा दाखवताना त्याचा अर्धा भाग हाताने झाकून धरत. (झाकलेल्या अर्ध्यात पाया कसा खणू, हे मी विचारलं नाही. प्रश्न विचारणारा माणूस त्यांच्या लेखी हेर. बाजारातला जपानी न्हावी काहीच विचारत नाही, म्हणून त्याच्यावर चौघांची नजर आहे.)

घोळ झाला तो सलामतानाने. जेवण घातल्याशिवाय मजूर कुदळ उचलेनात. जेवण म्हटलं की शेजारीपाजारी आले, आणि दुआ मागण्याआधी हे जेवण कशासाठी ते मशिदीच्या मोदिनने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायला हवं. लेफ्टनंट म्हणाले, "न सांगता जेवू घाल." मी म्हटलं, "तुवान, मग ते नुसतं जेवण झालं. दुआ कशाची मागायची?" माझ्याकडे संशयाने बघून ते म्हणाले, "मिठाचं गोदाम म्हणून सांग."

मदुराच्या लोकांना मिठाबद्दल फसवायचं म्हणजे माशाला पाण्याबद्दल फसवण्यासारखं. भिंती उठल्या तशी शेजारची म्हातारी सऊदा रोज येऊन उभी राहू लागली. "एवढी जाड भिंत कशाला रे? मीठ पळून जातं की काय? आणि खिडकी नेमकी समुद्राकडे. मिठाला माहेरची आठवण येते वाटतं." मी हसलो. ती हसली नाही.

गेल्या गुरुवारी मीठ खात्याचे तिमर साहेब उगवले. मीठ सरकारचं, गोदामं सरकारची, आणि हे गोदाम त्यांच्या खात्याचं नाही. म्हणजे चोरट्या मिठाचं, म्हणजे माझं. मीठ कुठे आहे विचारलं, मी म्हटलं अजून यायचंय. कुठून, विचारलं, तेव्हा मी ढगांकडे पाहिलं. धावत लेफ्टनंटांकडे गेलो, म्हटलं, "तुवान, त्यांना एक शब्द सांगा." ते म्हणाले, "कोणत्या टेकडीबद्दल बोलतोस?"

म्हणजे खरं बोललो तर हेर म्हणून पापुआच्या जंगलात रवानगी, गप्प बसलो तर मीठचोर म्हणून तुरुंग. तिमर साहेब मंगळवारी पोलीस घेऊन येणार आहेत. घरात मी अजून काही बोललेलो नाही, पण तुमची बहीण माझे कपडे जरा जास्तच नीट घड्या घालून ठेवते आहे.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना सलाम.

तुमचा,
मात्रावि

ता. क. सरकारी शिक्क्याची वीस पोती मीठ मंगळवारच्या आत होडीने पाठवा. शिक्का दिसला की तिमर साहेबांना वाटेल, हे आपल्याच एखाद्या वरच्या साहेबाचं काम, आणि ते गुपचूप निघून जातील.

ता. क. दुसरा. दुसऱ्या कोणाकडे न मागता तुमच्याकडेच का मागतो? तिमर साहेबांनी मोदिनचं वाक्य मला शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. त्या पंगतीत मीठ खात्याचा माणूस एकच होता, दोनदा भात घेणारा.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करता करता लेफ्टनंट येऊन गेले, म्हणून पत्र दोन दिवस थांबवलं. तोफांना हॉलंडात पैसा नाही, बेत रद्द. इमारत मीठ खात्याला देऊन टाकली. (म्हातारी सऊदा म्हणते, जी दुआ मागितली तीच कबूल झाली.) तिमर साहेब आता माझ्याशी गोड बोलतात. टेकडीवर एकटं राहील असा खात्रीचा, कान तिखट असलेला राखणदार त्यांना हवा होता. मी तुमचं नाव दिलं आहे. मीठ आता वेगळं पाठवू नका, येताना घेऊनच या.